प्रतिसाद: चर्चच्या वेबसाइटवरची गीतं मोबाइलवर का बिघडतात

वर विचारलंय की जुनी गीतं वेबसाइटवर टाकली की मोबाइलवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं का दिसतात. ती फाइल युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांवर चालणारी अक्षरांची समान कोडपद्धत (युनिकोड) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार. त्यात आतून रोमन अक्षरांचेच कोड असतात, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या फोनवर सगळा गोंधळ. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकीच्या जागी जातात. 'प्रार्थना', 'स्वर्गीय', 'ख्रिस्त' हे शब्द शोधून आधी तपासा.

मग पानाची भाषा 'एमआर' (mr, मराठीचा कोड) ठेवा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असल्यास ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य, नाहीतर शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट (ओळीची उंची) अक्षराच्या 1.7 पटीच्या आसपास. आजी-आजोबाही त्याच पडद्यावर बघून गाणार आहेत, अक्षर 18 पिक्सेलपेक्षा लहान नको.

मुद्रितशोधन मात्र ओळ मोठ्याने म्हणत करा. कान चूक पकडतो, आणि त्या वेळी ते काम प्रार्थनाच असतं.

वेबसाइटवर कॅलेंडरही असेल तर राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) दरवर्षी त्याच तारखेला येईल असा त्यात लावू नका. ईस्टरच्या तारखेतून 46 दिवस वजा करा: 2026मध्ये ईस्टर 5 एप्रिलला, म्हणजे राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला.