संपूर्ण संगणकासाठी एकच इक्वलायझर हवा आहे (विंडोज 10, खर्च शून्य)

गावभागकर, सांगली
घरच्या जुन्या संगणकावर आई रोज नाट्यपदे ऐकते. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात असल्यामुळे डग्गा घुमतो आणि पदाचे शब्द त्यात बुडून जातात. ब्राउझर आणि व्हीएलसी यांत वेगवेगळी जुळवाजुळव न करता एकदाच आवाज सुधारेल, म्हणजे खर्ज-बारीक स्वर हवे तसे कमी-जास्त करता येतील, असे काही सुचवावे. पैसे घालायचे नाहीत.

विश्रामबागवाला
मी नवा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर मिळून सोळा हजारांना घेतले. आपणही एकदाच खर्च करून मोकळे व्हावे.

कुपवाडचा शेजारी
इक्वलायझर एपीओ विनामूल्य आहे. ते विंडोजच्या ध्वनिव्यवस्थेतच बसत असल्याने सर्व प्रोग्रॅमना लागू पडते. पडद्यावरच्या सरकपट्ट्यांसाठी सोबत ‘पीस’ हा जोडप्रोग्रॅम घ्यावा. मी बेस 9 डेसिबल वाढवला आहे. आता खिडकीची तावदाने थरथरतात.

मिरजेचा तंबोरा
आमच्या गावात तंबोऱ्याची जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीची घासणी) लावण्यात कारागिरांचे आयुष्य जाते आणि येथे मूळ ध्वनिमुद्रणच बदलायला निघालात!

कुपवाडचा शेजारी
मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या संगणकावर उतरवतानाही इक्वलायझेशन करावेच लागते, मग मूळ म्हणजे नेमके कोणते?

लिनक्सवासी
विंडोज 10 ची नियमित सेवा ऑक्टोबर 2025 मध्येच संपली आहे. लिनक्स मिंट घालून त्यावर ईझीइफेक्ट्स हा इक्वलायझर बसवावा. मात्र त्यासाठी पाइपवायर ही लिनक्सची ध्वनिव्यवस्था लागते.

तासगावकर
एपीओच बसवा, पण माझी फजिती ऐकून ठेवा. एपीओ कोणत्या ध्वनिसाधनाला लावायचे ते निवडण्याच्या कॉन्फिग्युरेटरमध्ये मी स्पीकरऐवजी मॉनिटरच्या एचडीएमआयवर खूण केली आणि दोन संध्याकाळी सरकपट्ट्या वरखाली करत बसलो, तरी तिळमात्र फरक पडला नाही. योग्य खूण करून संगणक पुन्हा सुरू करावा. एखादी पट्टी 6 डेसिबल वाढवली, तर प्रीॲम्प (एकूण आवाजाची पातळी) तेवढाच खाली घ्यावा, अन्यथा आवाज फाटतो. एखादा प्रोग्रॅम ध्वनिसाधन थेट स्वतःच्या ताब्यात घेतो त्या वासापीच्या एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये मात्र एपीओची मात्रा चालत नाही.

विश्रामबागवाला
कोपऱ्यातले स्पीकर आधी बाहेर काढा. आणि नवे घ्या, हे पुन्हा सांगतो.

गावभागकर, सांगली
सर्वांचे आभार. एपीओ बसवले, पीस घेतले नाही. कॉन्फिग फाइल नोटपॅडमध्ये उघडून आधीच्या ओळी काढल्या आणि 160 हर्ट्झला 6 डेसिबल कमी करणारी एकच ओळ लिहिली. फाइल जतन करताच घुमारा उतरला. काहीच वाढवलेले नसल्याने प्रीॲम्पला हात लावला नाही. टेबलावर जागा नसल्यामुळे स्पीकर कोपऱ्यातच आहेत. आईने मात्र विचारले, “तबलजी आज मागे सरकून बसलाय का रे?”