‘अँटी-सीसीके’ म्हणजे ‘सीसीके-विरोधी’ का?

कोशकीटक: प्रयोगशाळेतल्या एका प्रतिपिंडाच्या (अँटीबॉडीच्या) माहितीपत्रकातली ओळ मराठीत आणायची आहे. सीसीके म्हणजे कोलेसिस्टोकायनिन हे आतड्यातले संप्रेरक, गॅस्ट्रिन जठरातले; पॉलिक्लोनल म्हणजे अनेक पेशीवंशांतून आलेले. ओळ अशी आहे: ‘अँटी-सीसीके-८, रॅबिट, पॉलिक्लोनल, गॅस्ट्रिनशी क्रॉस-रिॲक्टिव्हिटी.’ मराठीत ‘सशाचे सीसीके-विरोधी बहुकृंतकी प्रतिपिंड, गॅस्ट्रिनशी परस्पर-अभिक्रिया’ असे चालेल का?

पिपेट: ‘विरोधी’ काढाच. वाचणाऱ्याला वाटेल की हे औषध आहे आणि कोलेसिस्टोकायनिनचे काम बंद पाडते. तो शब्द ग्राही (पेशीवरचे रिसेप्टर) अडवणाऱ्या रेणूंसाठी राखून ठेवा. हे प्रतिपिंड फक्त पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) ओळखते आणि धरते. ‘सीसीके-८ ओळखणारे प्रतिपिंड’ पुरे.

‘परस्पर-अभिक्रिया’ तर साफ चूक. त्यातून सीसीके आणि गॅस्ट्रिन एकमेकांवर क्रिया करतात असा अर्थ निघतो. खरे म्हणजे दोन्ही पेप्टाइडांची शेवटची पाच अमिनो आम्ले अगदी सारखी आहेत: ग्लायसीन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनीन, ॲस्पार्टिक आम्ल, आणि शेवटी अमाइड झालेले फिनिलॲलनीन. या शेपटावर बेतलेले प्रतिपिंड दोघांनाही धरणारच.

रेफ: मग ‘अन्यबंधन’?

पिपेट: शब्द सुटसुटीत आहे, पण भलत्याच प्रथिनाला चिकटणेही त्यात येते. इथे सारखेपणामुळे फसगत होते. मी सरळ ‘गॅस्ट्रिनलाही धरते’ असे लिहीन.

कोशकीटक: माहितीपत्रकात ‘१०%’ असेही आहे. म्हणजे दर दहातला एक रेणू चुकीचा?

मोलर: नाही. तितकाच परिणाम दिसायला गॅस्ट्रिन दहापट लागते, एवढाच त्याचा अर्थ. आकडा लहान वाटतो, पण हिशोब करा. उपाशीपोटी रक्तात सीसीके लिटरला साधारण १ पिकोमोल असते आणि गॅस्ट्रिन त्याच्या दहा-वीस पट. म्हणजे १०% नुसार खोटे सीसीके १ ते २ पिकोमोल, खऱ्याइतके किंवा त्याहून जास्त! जेवल्यावर गॅस्ट्रिनही चढते, ओमेप्राझोल (जठरातले आम्ल कमी करणारे औषध) चालू असेल तर आणखीच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

रेफ: मग ‘विशिष्ट’ शब्द कधी वापरायचा?

मोलर: कशासाठी विशिष्ट, ते सांगता आले तर. सीसीकेत सल्फेट लागलेले टायरोसिन शेवटाकडून सातवे, गॅस्ट्रिनमध्ये टायरोसिन सहावे. त्या एका घराच्या फरकावर चांगले प्रतिपिंड तयार करता येते. सीसीके-८ आठच अमिनो आम्लांचे, त्यामुळे प्रतिपिंडे उठवण्यासाठी ते मोठ्या वाहक प्रथिनाला जोडतात. सुरुवातीचे टोक जोडले की शेपूट मोकळे राहते आणि बहुतेक प्रतिपिंडे त्याच्यावरच उठतात. वाहक बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन असेल, तर ब्लॉकिंगला (कापावरच्या मोकळ्या जागा आधी झाकायला) तेच वापरू नका. वाहकावरही प्रतिपिंडे उठलेली असतात, त्यामुळे पार्श्वभूमी रंगून जाते.

पिपेट: ऊतीच्या कापावर तपासणी सोपी आहे. ग्रहणीच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) कापात विखुरलेल्या, सीसीके बनवणाऱ्या आय-पेशी रंगायला हव्यात, जठराच्या अँट्रममधल्या (शेवटच्या भागातल्या), गॅस्ट्रिन बनवणाऱ्या जी-पेशी रंगता कामा नयेत. रंगल्या तर गॅस्ट्रिन पकडले जातेय. सोबत १:१००० पातळ केलेल्या प्रतिपिंडात मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम सीसीके-८ घालून रात्रभर ४ अंशांवर ठेवा. दुसऱ्या नळीत तेवढेच गॅस्ट्रिन-१७. मग दोन्हींनी ग्रहणीचे काप रंगवा. रंग पहिल्याने गेला आणि दुसऱ्याने टिकला, तर ठीक. नुसत्या पहिल्या नळीवरून विशिष्टता सिद्ध होत नाही. तिथे प्रतिपिंड त्या पेप्टाइडला धरते एवढेच कळते. आणि नेहमीच्या वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवण्याच्या चाचणीत) सीसीके-८ची पट्टी शोधू नका. १.१ किलोडाल्टनचा तुकडा पडद्यातून पार निघून जातो.

रेफ: ‘आंत्र-संप्रेरक’ म्हणावे का? संप्रेरक हा शब्द छान आहे, ‘हॉर्मोन’च्या ग्रीक मुळातही चालना देणेच आहे.

मोलर: सीसीके लहान आतड्यातले, म्हणून चालेल. पण गॅस्ट्रिन मुख्यतः जठरातले. दोन्ही असतील तिथे ‘पचनमार्गातील संप्रेरके’.

कोशकीटक: तर ओळ अशी: ‘सीसीके-८ ओळखणारे, सशात तयार केलेले बहुकृंतकी प्रतिपिंड. गॅस्ट्रिनलाही धरते (१०%).’

पिपेट: ‘बहुकृंतकी’ऐवजी पॉलिक्लोनलच ठेवा, प्रयोगशाळेत तोच शब्द चालतो. आणि १०% कोणत्या गॅस्ट्रिनसाठी तेही लिहा. सल्फेट असलेले आणि नसलेले, दोन्हींचे आकडे वेगळे येतात.