गारपीट वरूडात अन् दोष उत्तर ध्रुवाले?

आंबिया_वरूड: फेब्रुवारीतल्या गारपिटीत संत्र्याचा आंबिया बहार निम्मा खाली आला. हरभऱ्याचे घाटे मातीतून येचून राहिलो. पारावर एक जण म्हणे, ध्रुवावरचा बर्फ वितळून राहिला म्हणून हे. कुठं ध्रुव, कुठं वरूड! खरंच काही संबंध आहे काय?

धुऱ्यावरचा_मास्तर: आहे भाऊ, पण सरळ नाही.

विषुववृत्ताकडे ऊन, ध्रुवाकडे थंडी, या फरकावर जगाचे वारे चालतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो. भूमध्य समुद्राकडचे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात ढग-पाऊस आणणारी वादळी हवा, त्याच्याच सोबतीनं आपल्याकडे येतात. वरची थंड हवा अन् बंगालच्या उपसागराची ओल विदर्भावर भेटली, की ढग उंच चढतात अन् गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट आठवा.

आता ध्रुव. बर्फाच्छादित समुद्र निम्म्याहून जास्त ऊन परत फेकतो, उघडं पाणी जेमतेम ६-७ टक्के. गोठ्याच्या पत्र्याचा चुना उडाला की आतली बैलं कशी धापा टाकतात, पाहता ना? तसंच. बर्फ गेला की पाणी तापते, पाणी तापलं की आणखी बर्फ जाते. १९७९ पासून आर्क्टिक, म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा भाग, जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापलं.

म्हणजे हवेच्या खालच्या थरात तरी ध्रुव अन् विषुववृत्तातला तो फरक कमी होतोय. पण त्यानं वरचा झोत किती वाकडा-तिकडा होतो, यावर शास्त्रज्ञांचंच अजून जमलेलं नाही. एका गारपिटीची पावती ध्रुवाच्या नावानं फाडणारा पारावरचा माणूस जरा घाईत आहे.

पऱ्हाटी_राळेगाव: मंग मास्तर, बर्फ वितळला की मुंबई बुडते म्हणतात, ते?

धुऱ्यावरचा_मास्तर: समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळून पाणी जवळपास चढतच नाही, तो आधीच पाण्यात आहे. भीती जमिनीवरच्या बर्फाची. ग्रीनलंडचा सगळा वितळला तर समुद्र ७ मीटर चढेल, अंटार्क्टिकाचा तर सुमारे ५८. एका पिढीत होणारं काम नाही ते, पण सुरू झालंय.

पऱ्हाटी_राळेगाव: आपल्या सरकारचं तिथं काही आहे का बाप्पा?

धुऱ्यावरचा_मास्तर: आहे ना. उत्तर ध्रुवाकडच्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून ‘हिमाद्री’, अंटार्क्टिकात ‘मैत्री’ अन् ‘भारती’ ही संशोधन केंद्रं. कारभार गोव्यातून चालते. ध्रुवाच्या बर्फाचा आपल्या मान्सूनशी काय संबंध, हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय.

आंबिया_वरूड: समजलं. उद्या पंचनाम्याले येऊन राहिले. ध्रुवाचं सांगू काय?

धुऱ्यावरचा_मास्तर: सांगू नका. फोटो काढून ठेवा, पडलेल्या फळाचे अन् गारांचे.