मदत हवी आहे: बाल संरक्षणाच्या कामात मन मरत चाललंय, कोणी यातून गेलंय का?

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात मी सामाजिक कार्यकर्ती आहे, अर्थात कंत्राटी. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या आराखड्यात अख्ख्या जिल्ह्याला सामाजिक कार्यकर्त्यांची पदं २ आणि क्षेत्रीय कार्यकर्त्यांची २. त्यातली आमच्याकडे भरलेली किती, ते विचारू नका. मानधन साडेअठरा हजारांच्या आसपास, तेही वेळेवर आलं तर. मुदतवाढीची फाइल दरवर्षी कुठल्यातरी टेबलावर बसलेली असते.

काम काय, तर संकटातलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर हजर करायचं. मग सामाजिक तपासणी १५ दिवसांत. म्हणजे घर, शेजारी, शाळा, अंगणवाडी सगळं पालथं घालायचं. बालसंगोपन योजनेच्या गृहभेटी, कोविडमध्ये आईबाप गेलेल्या लेकरांचा पाठपुरावा, पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, केसेस हे आहेच. पण मला खरं संपवतात ते बालविवाह.

आमच्याकडे ऊसतोडीला कोयते निघायच्या आधी आणि परत आल्यावर अक्षय्य तृतीयेपर्यंत फोन थांबत नाहीत. जोडपं म्हणजे एक कोयता, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीला मिळते, आणि वयात आलेली पोर गावात एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर, हा प्रश्न असतोच. दहा नऊ आठवर, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनवर, रात्री कॉल येतो. कायद्याने गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक, पण त्याचा फोन बंद. त्याचाही राग येत नाही आता, त्याला त्याच गावात काम करायचंय. मग मी आणि एक पोलीस.

मागच्या हंगामातला एक मांडव डोक्यातून जात नाही. मुलीच्या हाताला हळद, बायका अंगावर धावून येतायत, कोणीतरी आधार कार्ड नाचवतंय आणि मी शाळेचा, जन्मतारखेची नोंद असलेला, निर्गम उतारा दाखवतेय. मुलीचा बाप मात्र शांत होता. म्हणाला, "मॅडम, लग्न मोडतो. पण आम्ही फडावर गेल्यावर सहा महिने हिला तुम्ही सांभाळता का?" मी हमीपत्र लिहून घेतलं आणि निघाले. पुढे कळलं, शेजारच्या तालुक्यात एका देवळात लग्न उरकलं.

आता माझं काय होतंय ते सांगते. झोप तुकड्यातुकड्यांत. रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा. नातेवाइकांकडून पत्रिका आली की आधी नवरीच्या वयाचा हिशेब. हे एकवेळ चालेल. पण परवा एक मुलगी रडतरडत सगळं सांगत होती आणि मी मनात तिच्या वाक्यांनी अहवालाचे रकाने भरत होते. काहीच वाटलं नाही. त्याची भीती वाटली, म्हणून लिहितेय.

घरी बोलता येत नाही. मुलांची गोपनीयता पाळायची असते, आणि नवऱ्याचं उत्तर ठरलेलं: "मग सोड ना." ऑफिसात आढावा बैठकीत विचारतात किती प्रकरणं प्रलंबित. तुला कसं वाटतंय, हे कोणी विचारत नाही. या क्षेत्रातल्यांनो, तुम्ही कुठे बोलता? रात्रीच्या फोनचं काय करता? आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले हे कळलं तर मुदतवाढीवर परिणाम होईल का?

गोदाकाठ: ताई, रोज सकाळी प्राणायाम आणि ध्यान करा. सकारात्मक राहा. पुण्याचं काम आहे.

धागाकर्ती: दादा, प्राणायाम करते. मधेच फोन वाजतो.

जुना परिविक्षा अधिकारी: पोरी, तीस वर्षं याच खात्यात काढली, म्हणून हक्काने सांगतो. पहिलं काम, रात्रीच्या फोनची पाळी ठरवून मागा, आणि लेखी मागा. जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांना पत्र, प्रत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना. तोंडी बोललेलं या खात्यात हवेत विरतं. धमकी मिळाली तर त्याच रात्री पोलीस ठाण्यात नोंद करायची, उद्यावर टाकायची नाही.

दुसरं, हमीपत्रावर एवढं विसंबू नकोस. लग्न ठरल्याची आगाऊ कुणकुण लागली, तर २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यातल्या कलम १३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घेता येतो. तो मोडून लावलेलं लग्न कलम १४ प्रमाणे मुळातच रद्दबातल. आणि त्या बापाचा प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर देता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहं, यांत जागा कुठे आहे हे दसऱ्याआधीच विचारून ठेव. आम्हाला थकवा यायचा तो बहुतेकदा हात रिकामे असल्याचा.

सावली_१२: मी समुपदेशक आहे, रुग्णालयात काम करते. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या दिली, त्यात हा आजार म्हणून धरलेला नाही. कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी ही अवस्था. तीन खुणा: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तुमचे ते 'रकाने' म्हणजे दुसरी खूण. तुम्ही दगड झालेल्या नाही, मनाने दार लोटून घेतलंय.

मात्र झोप मोडते तेव्हा मुलांनी सांगितलेलंच डोळ्यांपुढे येत असेल, तर तो वेगळा विषय, त्याला सुट्टी पुरत नाही. जिल्हा रुग्णालयात तुम्ही मुलींना घेऊन जाता, तिथे स्वतःसाठी केसपेपर काढणं अवघड वाटेल, समजू शकते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि ऑफिसला कळण्याचं काही कारण नाही.

लीड्सकर: इंग्लंडमध्ये चिल्ड्रन्स सोशल वर्कर आहे, मूळची सोलापूरची. इथे नव्या माणसाचं पहिलं वर्ष जरा जपतात. केसेस साधारण १० टक्के कमी, आणि वरिष्ठांबरोबर ठरलेली बैठक: पहिले ६ आठवडे दर आठवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत पंधरवड्याला, पुढे महिन्याला. त्यात केसबरोबर 'तुझं काय चाललंय' हेही येतं. कागदावर तरी. लोक इथेही धडाधड सोडून जातात, त्यामुळे तिकडचं वाईट आणि इकडचं छान असं समजू नका. पण ती बैठक मागायला पैसे लागत नाहीत. तुमच्या कक्षातल्या समुपदेशकाबरोबर आठवड्यातून एक तास ठरवून बघा.

धागाकर्ती: काका, कलम १३ माहीत होतं, पण आमच्याकडे 'कोर्टात कशाला, समजावून सांगा' असंच चालतं. या हंगामात विधी अधिकाऱ्यांच्या मागे लागते. फोनच्या पाळीचं पत्र लिहून ठेवलंय, सोमवारी आवक-जावकला देणार. सावलीताई, काल १४४१६ लावला. पलीकडच्या बाईंनी मधे न तोडता ऐकून घेतलं, पुन्हा बोलायचं ठरलंय.

लीड्सकर, आमच्या कक्षातलं समुपदेशकाचं पदच रिक्त आहे! म्हणून आता नेमकं विचारते: लातूर, धाराशिव, परभणी, जालना, बीड या भागातल्या कक्षांतलं किंवा बालगृहांतलं कोणी इथे आहे का? मुलांची नावं-गावं न घेता महिन्यातून एकदा फोनवर चार-पाच जणांनी बोलायचं, एवढंच. असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शनिवारी रात्री नऊनंतर मला जमतं, फोन नाही वाजला तर.