फेडरल खटल्यासाठी न्यायालयाने दिलेला वकील ठेवावा की खाजगी करावा?

एडिसनकर

नमस्कार. विषय नाजूक आहे, म्हणून काही तपशील मुद्दाम गाळले आहेत. माझा मावसभाऊ न्यू जर्सीतील एका वैद्यकीय प्रयोगशाळेत बिलिंगचे काम पाहत होता. गेल्या महिन्यात एके दिवशी सकाळी सहा वाजता फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे, अधिकारी त्याच्या दारात उभे राहिले. वकील नसताना, घाबरलेल्या अवस्थेत, तो त्यांच्याशी तासभर बोलला आणि नंतर त्याला अटक झाली. ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, फसवणुकीचा कट आणि वायर फ्रॉड (फोन, इंटरनेट यांसारख्या माध्यमांतून केलेली फसवणूक) असे दोन आरोप ठेवले आहेत. नेवार्क येथील न्यायालयात पहिल्या हजेरीच्या वेळी फेडरल पब्लिक डिफेंडर (न्यायालयाने दिलेले बचाववकील) कार्यालयातील एक बाई त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. वहिनींच्या सहीने बॉण्ड (जामीन) मंजूर झाला आणि पासपोर्ट जमा करावा लागला. भाऊ ग्रीन कार्डधारक आहे.

आता घरात दोन तट पडले आहेत. पुण्याचे मामा म्हणतात की फुकटचा वकील म्हणजे बुडती नौका, आणि ते फ्लॅट गहाण ठेवून पैसे पाठवायला निघाले आहेत. वहिनींचा मात्र त्या बाईंवर विश्वास बसला आहे. शिवाय कंपनीने निरोप दिला आहे की आमचे वकील सगळे सांभाळतील, तुम्ही वेगळा खर्च करू नका. वकील कसा निवडावा, त्याला काय विचारावे आणि पहिल्या भेटीला मी सोबत बसावे की नाही, याविषयी अनुभवी मंडळींनी सल्ला द्यावा, ही विनंती.

सातारचा_परदेशी

एडिसनकर, काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशा खटल्यात आरोपी होतो, म्हणून लिहितो. कंपनीच्या निरोपाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात धोका सर्वांत मोठा आहे. कंपनीचा वकील हा कंपनीचा असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये अपजॉन प्रकरणात स्पष्ट केले की कर्मचारी आणि कंपनीचा वकील यांच्यातील संभाषणाची गोपनीयता ही कंपनीची असते. कंपनीला वाटले तर ती तुमच्या भावाचे बोलणे उद्या सरकारी वकिलांच्या हाती देऊ शकते, आणि तिला सगळे खापर बिलिंगच्या माणसावर फोडणे सोयीचे ठरले तर ती ते नक्की करेल. स्वतंत्र वकिलाची फी कंपनी भरत असेल तर गोष्ट वेगळी, पण त्या वकिलाची निष्ठा केवळ भावाशी राहील हे लेखी हवे.

आता पब्लिक डिफेंडरविषयी. आपल्याकडे सरकारी वकील म्हटले की शिक्षा मागणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि ‘न्यायालयाने दिलेला’ म्हटले की वऱ्हांड्यात फाइल चाळणारा. फेडरल व्यवस्थेत पब्लिक डिफेंडर हे पगारी, पूर्णवेळ बचाववकील असतात. त्यांची व्यवस्था १९६४ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टखाली होते, ते वर्षभर फक्त फेडरल फौजदारी खटले लढतात आणि त्यांना न्यायाधीशांच्या व सरकारी वकिलांच्या सवयी तोंडपाठ असतात. मी सुरुवातीला मोठी रक्कम रिटेनर (आगाऊ फी) म्हणून देऊन एक नावाजलेला खाजगी वकील केला होता. त्याचा सारा नावलौकिक राज्य न्यायालयातील होता आणि माझ्या फाइलवर त्याच्या हाताखालचा नवखा मुलगा काम करत होता. सहा महिन्यांत पैसे संपले, न्यायाधीशांनी त्याच क्रिमिनल जस्टिस ॲक्टच्या यादीतील वकील नेमला आणि खरा बचाव तेव्हा सुरू झाला. याचा अर्थ खाजगी वकील वाईट असतात असा नव्हे. माजी फेडरल सरकारी वकील असलेले अनेक उत्तम बचाववकील न्यू जर्सीत आहेत.

एक अडचण मात्र आहे. ही सोय ऐपत नसणाऱ्यांसाठी आहे. भावाने उत्पन्न आणि मालमत्ता यांचे प्रतिज्ञापत्र भरले असेल, त्यात घर किंवा बचत लपवली गेली नसेल ना, हे पाहा. त्यातला खोटा आकडा हा नवा गुन्हा होतो. ऐपत काही प्रमाणात आढळली तर न्यायाधीश खर्चाचा वाटा भरायला सांगू शकतात.

खाजगी वकिलाकडे गेलात तर एवढे विचाराच: गेल्या काही वर्षांत फेडरल न्यायालयात आरोग्यसेवा फसवणुकीचे किती खटले हाताळले, त्यातले किती ज्युरीपुढे गेले, फाइल प्रत्यक्ष कोण वाचणार, ठरलेली फी खटला चालला तरी तीच राहणार की केवळ प्लीपर्यंतची (गुन्ह्याच्या कबुलीपर्यंतची) आहे, आणि हिशेबतज्ज्ञाचा खर्च वेगळा आहे का. ‘सुटका झाली तरच फी’ असे कोणी म्हटले तर उठून या. फौजदारी कामात अशी अट वकिलांच्या आचारनियमांत निषिद्ध आहे. ‘मी सोडवूनच आणतो’ असे म्हणणाऱ्याकडूनही उठून या.

कागदपत्री

मी इमिग्रेशन वकिलांच्या कार्यालयात सहायक आहे. मी वकील नाही, त्यामुळे हे कायदेशीर मत समजू नये. भाऊ ग्रीन कार्डधारक आहे ही एका ओळीत उरकलेली माहिती मला संपूर्ण प्रकरणाचा कणा वाटते. फेडरल खटल्यांतील बहुतांश आरोपी, दहापैकी नऊ म्हटले तरी चालेल, शेवटी गुन्हा कबूल करतात, त्यामुळे कबुलीचा करार कोणत्या शब्दांत लिहिला जातो यावर पुढचे आयुष्य ठरते. फसवणुकीच्या गुन्ह्यात नुकसान १०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तर तो इमिग्रेशन कायद्यात गंभीर गुन्हा ठरतो, आणि मग माणूस इथे कितीही वर्षे राहिलेला असो, हद्दपारी टाळण्याचे जवळजवळ सगळे मार्ग बंद होतात. २००९ मध्ये निझावन विरुद्ध होल्डर या प्रकरणात, ज्यातील अर्जदार मूळचा भारतातलाच होता, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हा आकडा ज्युरीने ठरवलेला असण्याची गरज नाही. शिक्षेच्या वेळी आरोपीने स्वतः मान्य केलेला नुकसानीचा आकडा त्याच्याविरुद्ध वापरला गेला. म्हणून करारात कोणत्या कलमाखाली किती नुकसान मान्य केले जात आहे, हे सहीच्या आधी इमिग्रेशन जाणणाऱ्या वकिलाच्या नजरेखालून गेलेच पाहिजे. २०१० च्या पडिया निकालानंतर हद्दपारीच्या धोक्याची कल्पना देणे हे फौजदारी वकिलाचेच कर्तव्य आहे, आणि पब्लिक डिफेंडर कार्यालयेही गरजेनुसार इमिग्रेशनचा सल्ला मिळवतात. भावाने तो स्वतःहून मागावा.

शिक्षेचे गणितही याच आकड्याभोवती फिरते. कायद्याने वायर फ्रॉडला २० वर्षांपर्यंत कैद आहे हे वाचून मामा हादरले असतील, पण प्रत्यक्ष शिक्षा मार्गदर्शक तक्त्यावरून काढली जाते. २००५ पासून तो तक्ता न्यायाधीशांवर बंधनकारक नाही, तरी सुरुवात तिथूनच होते, आणि अशा प्रकरणांत त्यातली सर्वांत जड ओळ नुकसानीची असते. प्रयोगशाळेच्या साऱ्या बिलांचा आकडा भावाच्या माथी मारला जात आहे की त्याच्या हातून गेलेल्या बिलांचाच, हा प्रश्न वकिलाला पहिल्या महिन्यातच विचारण्यासारखा आहे. फेडरल शिक्षेत पॅरोल, म्हणजे मुदतीआधी सशर्त सुटका, नाही. १९८७ नंतरच्या गुन्ह्यांसाठी तो रद्द झाला. चांगल्या वर्तनाची सूट वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवसांची असते.

एडिसनकर

दोघांचेही मनापासून आभार. प्रतिज्ञापत्राची प्रत काढून पाहिली. पुण्यातील वडिलोपार्जित घरातील हिस्सा त्यात लिहिलेला नव्हता. वहिनी म्हणतात, ‘ते कुठे आपले आहे, अजून वाटणी झालेली नाही.’ शिवाय तो अधिकाऱ्यांशी नेमके काय बोलला, हे तो मला वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे सांगतो, याची मला काळजी वाटते.

सातारचा_परदेशी

वाटणी न झालेला हिस्सासुद्धा वकिलांना आजच सांगू द्या, दुरुस्ती त्या करून घेतील. दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र कळकळीने सांगतो की तो काय बोलला हे तुम्ही त्याला यापुढे विचारूच नका. वकील आणि अशील यांच्यातील बोलण्याला गोपनीयतेचे संरक्षण आहे, मावसभावाशी केलेल्या बोलण्याला नाही. उद्या तुम्हालाच साक्षीला बोलावले तर खरे सांगावे लागेल. याच कारणाने भेटीच्या वेळी खोलीतही बसू नका, कारण तिसरा माणूस हजर असला की ते संरक्षण धोक्यात येते. अधिकाऱ्यांनी त्या सकाळच्या संभाषणाचा लेखी अहवाल बनवलेला असतो, आणि त्यांना खोटे सांगणे हा पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यामुळे भावाने त्या तासाभरात काय सांगितले, त्यातले चुकीचे काय होते, हे वकिलांना, आणि फक्त वकिलांना, आठवेल तसे पूर्ण सांगितले पाहिजे. मी माझ्या पहिल्या वकिलापासून एक ईमेल लाजेपोटी लपवला होता. तो सरकारी वकिलांनी भर बैठकीत टेबलावर ठेवला, आणि त्यानंतर सौदा करण्याची आमची ताकदच संपली. फोनमधले, व्हॉट्सॲपवरचे काहीही पुसू नये, हे त्याला एव्हाना सांगितले असेलच.

ओटीवरची

मामांना सांगा की फ्लॅट इतक्यात गहाण ठेवू नका. कायद्यात खटला ७० दिवसांत उभा राहावा असे असले तरी कागदपत्रांचे ढीग असलेल्या प्रकरणांत दोन्ही बाजू मुदत वाढवून घेतात आणि वर्ष सहज निघून जाते. सगळा पैसा पहिल्या महिन्यात ओतला तर हिशेबतज्ज्ञासाठी आणि भरपाईसाठी काही उरत नाही. पुढे लागलेच तर पैसे बँकेमार्फत, रीतसर पाठवा.

एडिसनकर

मामांशी बोललो. ते नाराज आहेत, पण थांबले आहेत. कंपनीला कळवले की आमचा स्वतंत्र वकील आहे. त्या बाईंशी गुरुवारी भेट ठरली आहे. भाऊ एकटाच आत जाईल, मी खाली गाडीत थांबेन. एकच शंका उरली: गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला त्याच्यासोबत आरोपी असलेला सहकारीही येतो. भावाने जावे का?

सातारचा_परदेशी

बॉण्डच्या अटींत सहआरोपींशी आणि साक्षीदारांशी संपर्क नको असे बहुधा लिहिलेले असते. कागद वाचा आणि गुरुवारी त्यांनाच विचारा. तोपर्यंत आरती घरीच करा.