१० मिनिटांच्या शांततेने मुले सुधारतील काय?

रामबागकर
इंदूरच्या मराठी पालकांपैकी एका गृहस्थांनी काल लिहिले की प्रत्येक शाळेने प्रार्थनेनंतर १० मिनिटे माइंडफुलनेस (शांत बसून श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव) सक्तीचे करावे, म्हणजे मुलांचा राग, मोबाइलचे वेड आणि परीक्षेची धास्ती ही तिन्ही वर्षभरात आटोक्यात येतील, आणि ज्यांना हे पटत नाही ते जुनाट विचारांचे आहेत. मला जुनाट म्हटल्याचे दुःख नाही. वर्षभराच्या हमीचे मात्र नवल वाटते.

ब्रिटनमध्ये ‘मिरियड’ नावाच्या चाचणीत नेमके हेच मोठ्या प्रमाणावर तपासून झाले आहे. ८० हून अधिक शाळा आणि ८,००० हून अधिक विद्यार्थी त्यात होते. काही शाळांत प्रशिक्षित शिक्षकांनी माइंडफुलनेसचे धडे दिले, उरलेल्या शाळांत नेहमीचे भावनिक-सामाजिक शिक्षण चालू राहिले. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते असे की मुलांच्या मानसिक आरोग्यात नव्या धड्यांनी काही सरस फरक पाडला नाही. बहुतेक मुलांनी तर घरी सराव केलाच नाही.

आपल्याकडचे मूल पहाटे अर्धवट झोपेत बस पकडते, दुपारी जेवून न जेवून भंवरकुआच्या क्लासला जाते आणि रात्री वह्या पूर्ण करते. अशा मुलाला ‘श्वासाकडे लक्ष दे’ असे सांगणे म्हणजे त्याच्या थकव्याचा ठपका त्याच्याच मनावर ठेवणे होय.

सुदामानगरची एक आई
रामबागकर, आपण चाचणीचा सोयीचा तेवढाच भाग सांगितला. तुलना ‘काहीच न शिकवणाऱ्या’ शाळांशी नव्हती. त्या शाळांत भावनांविषयीचे शिक्षण आधीपासून चालू होते. आपल्या किती शाळांत ते आहे? शिवाय त्याच चाचणीत शिक्षकांचा थकवा, निदान सुरुवातीला, कमी झालेला दिसला. तेही आपण गाळले.

माझा थोरला मुलगा चाचणी परीक्षेच्या सकाळी हमखास उलटी करीत असे. त्याच्या वर्गशिक्षिकांनी त्याला पोटावर तळहात ठेवून श्वास सोडताना मनात आकडे मोजायला शिकवले. आता तो एक बूट पायात, दुसरा हातात अशा अवस्थेत पलंगाच्या कडेला जरा वेळ बसतो आणि मग उठून बसकडे जातो. त्या ८,००० मुलांत माझा मुलगा नव्हता, एवढेच मला म्हणायचे आहे.

निवृत्त शिक्षक, लोकमान्यनगर
मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही. जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्यांनी त्रस्त झालेल्या प्रौढ रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा कार्यक्रम आखला, त्याची मुळे आपल्याच भूमीतली, आणि आता तीच वस्तू शाळेच्या फीमध्ये चढवून आपल्याला परत विकली जात आहे. आमच्या घरी दिवेलागणीला शुभंकरोती आणि रामरक्षा होत असे, ते काय होते?

एक साधक
सर, आपल्याविषयी आदर राखून सांगतो की ते पाठांतर होते. विपश्यनेची पहिली पायरी असलेल्या आनापानात नैसर्गिक श्वास जसा येतो-जातो तसा पाहायचा असतो. त्याला नाम, मंत्र, रूप काहीही जोडायचे नसते. दोन्हींची सरमिसळ करून आपण दोन्हींवर अन्याय करीत आहात. आणि विकण्याचे म्हणाल, तर गोएंका गुरुजींच्या विपश्यना परंपरेत मुलांच्या शिबिरांना शुल्क नसते.

निवृत्त शिक्षक, लोकमान्यनगर
आपण रामरक्षा कधी मनापासून म्हटली आहे काय? रामदासांनी २०५ श्लोक मनालाच उद्देशून रचले, ते कशासाठी?

एक साधक
रोज म्हटली आहे. आजोबांची छडी शेजारी असे, ओठ ‘शिरो मे राघवः पातु’ म्हणत आणि कान स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत. ३८ श्लोक बिनचूक म्हणूनही माझे चित्त एका श्लोकातही नव्हते.

निवृत्त शिक्षक, लोकमान्यनगर
तो रामरक्षेचा दोष नव्हे, आपला आहे. आणि शिट्ट्या जर नीट मोजल्या असतील, तर आपल्याच व्याख्येप्रमाणे ती एकाग्रता झाली. अभिनंदन.

समुपदेशिका
रामरक्षेचा निकाल लागेपर्यंत एक व्यावहारिक गोष्ट सांगते. काही मुलांना डोळे मिटून श्वासाकडे पाहायला लावल्यास धास्ती उलट वाढते. ज्यांना दमा आहे किंवा ज्यांनी घरी मारहाण सोसली आहे, त्यांच्याबाबतीत तर विशेष जपावे लागते. त्यांना डोळे उघडे ठेवू द्यावेत, पायाचा जमिनीला होणारा स्पर्श किंवा बाहेरचा आवाज यांवर लक्ष न्यायला सांगावे आणि नको असल्यास उठून जाऊ द्यावे. म्हणून सक्ती हा शब्द मला धोक्याचा वाटतो.

एक काका
सक्तीचे पुढचे पाऊलही ऐका. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ पासून आठवीपर्यंत हॅपिनेसचा अभ्यासक्रम आला, त्यात निदान परीक्षा आणि गुण नव्हते. आपल्या मध्य प्रदेशाने तर २०१६ मध्येच आनंद विभाग काढला. इथल्या एका खासगी शाळेने मात्र माझ्या पुतणीच्या प्रगतिपत्रकात ‘शांत बसणे’ असा रकाना काढून तिला ‘ब’ श्रेणी दिली. पोरगी गणितात कमी गुण मिळाल्यावर रडली नव्हती, ती या ‘ब’साठी संध्याकाळभर रडली.

रामबागकर
काकांच्या पुतणीने माझे म्हणणे माझ्याहून चांगले मांडले आहे. सुदामानगरच्या ताईंसाठी एवढे मान्य करतो की एखाद्या समजूतदार शिक्षिकेने एखाद्या मुलाचा हात धरून शिकवलेला उपाय उपयोगी पडू शकतो. पण त्याचे श्रेय बाईंना द्यावे, कार्यक्रमाला नव्हे. वेळापत्रकाच्या प्रश्नाला मात्र कोणी हात लावला नाही, हेही नोंदवून ठेवतो.

सुदामानगरची एक आई
उदार मान्यतेबद्दल आभार. पण त्या बाईंनाही ते कोणत्यातरी प्रशिक्षणातच शिकायला मिळाले होते. शनिवारच्या पालकसभेत गुणांचा रकाना काढा आणि सक्ती नको, अशा दोन मागण्या मी लेखी देणार आहे, आपणही सही करावी. वेळापत्रकाचे म्हणाल, तर शाळा दुपारी सुटते. भंवरकुआच्या क्लासची फी आपण पालकच भरतो, तेव्हा त्या तक्रारीचा अर्ज कोणाच्या नावे लिहायचा, तेवढे कळवावे.