गर्भातल्या बाळाला होणारा टॉक्सोप्लाझ्मोसिस : कामातले अनुभव लिहा

स्वतःची कहाणी नको. तपासणी, औषधं, बाळाचा पाठपुरावा यांतलं जे रोज हाताळता ते नेमकं लिहा. कुठे फसतं तेही.

प्रसूतितज्ज्ञ :
टॉक्सोप्लाझ्मोसिस म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण, मांजराच्या विष्ठेतून किंवा कच्च्या मांसातून होणारी. सगळा प्रश्न लागणीच्या तारखेचा आहे. लागण गरोदरपणाच्या बरीच आधी होऊन गेली असेल आणि आईची प्रतिकारशक्ती शाबूत असेल, तर बाळाला सहसा धोका नसतो. धोका गरोदरपणात पहिल्यांदाच होणाऱ्या लागणीचा. ती १३व्या आठवड्यात झाली तर परजीवी बाळापर्यंत पोचण्याची शक्यता साधारण १५ टक्के, २६व्यात ४४, ३६व्यात ७१. इजेचं गणित उलटं : जितका लवकर पोचेल तितकं मेंदूचं नुकसान जास्त. वारंवार गर्भपात होतात म्हणून 'टॉर्च' (टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला वगैरे संसर्गांची एकत्र रक्ततपासणी) करायची आणि जुन्या आयजीजीवर (लागण जुनी झाली तरी रक्तात राहणारं प्रतिपिंड) औषधांचा कोर्स द्यायचा, हा प्रकार थांबायला हवा.

प्रयोगशाळेतून :
आयजीएमबद्दल, म्हणजे लागणीनंतर लवकर तयार होणाऱ्या प्रतिपिंडाबद्दल. ते पॉझिटिव्ह आलं म्हणजे ताजी लागण, असं नाही. ते कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त रक्तात राहतं. खोटं पॉझिटिव्हही येतं. पुढे आयजीजी अ‍ॅव्हिडिटी (प्रतिपिंड परजीवीला किती घट्ट चिकटतं, याची चाचणी) करा. ती जास्त असेल तर लागण किमान चार महिने जुनी, म्हणजे १२व्या आठवड्याच्या नमुन्यात चिंता जवळपास मिटली. कमी असेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण काहींची ती दीर्घकाळ कमीच राहते. २८व्या आठवड्यात पहिला नमुना आला की 'जास्त' या उत्तराचाही फारसा उपयोग नाही, म्हणून पहिल्या भेटीतलं रक्त जपून ठेवलेलं बरं. दुसरा नमुना दोन-तीन आठवड्यांनी, आणि दोन्ही एकाच वेळी एकाच किटवर. दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी मांडून 'आयजीजी वाढलं' म्हणता येत नाही.

गर्भचिकित्सा :
गर्भजलाची पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) १८व्या आठवड्यानंतर, शिवाय लागणीला किमान चार आठवडे उलटल्यावर. घाई केली तर परजीवी अजून वारेतच असतो आणि अहवाल खोटा निगेटिव्ह येतो. योग्य वेळी केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी सोनोग्राफी चालू ठेवायची. तोवर आईला स्पायरामायसिन हे प्रतिजैविक १ ग्रॅम, दर आठ तासांनी. ते वारेत साठतं, बाळापर्यंत पुरेसं जात नाही. त्यामुळे बाळाची लागण सिद्ध झाली की पायरिमेथामिन आणि सल्फाडायझिन. पायरिमेथामिन पहिल्या तिमाहीत देत नाहीत.

औषधशास्त्र :
पायरिमेथामिनसोबत फॉलिनिक अ‍ॅसिड लागतं, फॉलिक नव्हे. फॉलिकचा वापर होण्याची पायरीच पायरिमेथामिन अडवतं, त्यामुळे अस्थिमज्जेला संरक्षण मिळत नाही. चिठ्ठीवर ही अदलाबदल सर्रास होते!

मांजर पाळणाऱ्यांसाठी :
मांजर काढून टाकायची गरज नाही. पहिल्या लागणीनंतर ते एक ते तीन आठवडेच विष्ठेतून ऊसिस्ट (परजीवीची अंड्यासारखी अवस्था) टाकतं, आणि हे ऊसिस्ट संसर्गक्षम व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून विष्ठेचा ट्रे रोज, शक्यतो दुसऱ्या कुणी तरी साफ करावा. ब्लीचने ऊसिस्ट मरत नाहीत, उकळतं पाणी लागतं. कच्चं मांस आणि मातीत काम केलेले हात यांकडे त्याहून जास्त लक्ष द्या.

नवजात विभाग :
लागण झालेली बहुतेक बाळं जन्मतः निरोगी दिसतात. नाळेच्या रक्तात आईचं रक्त मिसळलेलं असू शकतं, म्हणून आयजीएम आणि आयजीए (आणखी एक प्रतिपिंड) यांच्या चाचण्या बाळाच्या शिरेतून घेतलेल्या रक्तावर करा. आयजीजी आईकडून येतं आणि हळूहळू उतरतं. वर्षानंतरही टिकलं तर लागण नक्की. उपचार सहसा १२ महिने चालतात. त्यात पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून रक्ताची मोजणी वरचेवर हवी, सुरुवातीला दर आठवड्याला. मेंदूच्या प्रतिमेत कॅल्शियमचे विखुरलेले ठिपके शोधा.

नेत्रविभाग :
बाहुल्या मोठ्या करून दृष्टिपटल पाहायचं, पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी. पालक वर्षभराचा उपचार संपला की येणं बंद करतात. नवे डाग शाळेच्या वयात, तारुण्यातही उमटतात, बऱ्याचदा जुन्या व्रणाच्या कडेलाच. बोलता न येणारं मूल 'एका डोळ्याने कमी दिसतं' हे सांगणार नाही, तेव्हा तिरळेपणा दिसताच आणा.